सव्वा महिन्याची बाज

औंढा नागनाथचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. यादवकाळातले ते दगडी काम, भिंतींवरच्या मूर्तींच्या रांगा, अरुंद पायऱ्या उतरून जावे लागते असा गाभारा. संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला तो याच ठिकाणी, असे वारकरी परंपरा सांगते. शाळेत मुलांना गावचा इतिहास सांगायचा म्हटला म्हणजे गुरुजी देवळापासूनच सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. आज मात्र, श्रोतेहो, आपल्याला देवळात जायचे नाही. देवळाच्या आवाराबाहेर, गल्लीतल्या एखाद्या घराच्या माजघरात डोकवायचे आहे. तिथे कोपऱ्यात एक बाज टाकलेली आहे. बाजेवर बाळंतीण आहे, तिच्या कुशीत चार दिवसांचे मूल आहे, आणि घरभर ओव्या-शेपाचा वास दरवळतो आहे. या बाजेलाही इतिहास आहे. तो देवळापेक्षा जुना आहे.

राजांची नावे, लढाया, सनावळ्या यांना आपण इतिहास म्हणतो. पण थकल्या शरीराला माणसाने विसावा कसा दिला, रात्र रात्र जागणाऱ्या आईला चार घटका बरे कसे वाटले, हाही इतिहासच नाही का? ऊन पाण्याची अंघोळ, पाठीला तेलाचा हात, डिंकाचा लाडू, जेवणानंतरचा विडा, शेजारणीच्या गप्पा, पाळण्याचे गाणे. या गोष्टी लहान आहेत, परंतु त्यांच्या मागे एक मोठा विचार आहे. तो असा की, नव्या आईचे काम काही दिवस दुसऱ्या कोणीतरी उचलले पाहिजे. तेल, लाडू आणि शेगडी ही त्या विचाराची बाहेरची खूण. आतली गोष्ट म्हणजे सुटी. आणि ही सुटी कोणाला मिळाली, कोणाला मिळाली नाही, हे पाहणे म्हणजेच या बाजेचा इतिहास पाहणे.

आरंभ थोडा मागून करू. आपल्या मराठवाड्यातच गोदावरीकाठी पैठण आहे. तिथे सातवाहन राजे राज्य करीत. त्यांच्यापैकी हाल राजाच्या नावाने ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह प्रसिद्ध आहे. त्यात राजवाड्यापेक्षा खेड्यातली घरे जास्त दिसतात. एका गाथेत एक गरीब घर येते. घरधनीण पोटुशी आहे. तिला कोणते डोहाळे लागले, काय खावेसे वाटते, असे विचारले जाते. घरात काही नाही, हे ती जाणते. नवऱ्याचा जीव कासावीस होऊ नये म्हणून ती पुन्हा पुन्हा एकच उत्तर देते, मला पाणी हवे. ‘डोहाळा’ हा आपला शब्दही त्या काळच्या ‘दोहळ’ शब्दावरूनच आला आहे. म्हणजे बाईला या दिवसांत काय हवे ते विचारावे, ही रीत तेव्हाही होती. आणि परिस्थिती पाहून मनातले मनातच ठेवणारी बाईही तेव्हा होती. दोन्ही गोष्टी आजपर्यंत चालत आल्या आहेत.

आता वैद्यांकडे वळू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीचा उपचार नीट क्रमाने सांगितला आहे. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण घालून तूप किंवा तेल प्यायला द्यावे. पोटाला तेल-तूप चोळून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने बांधावे. ऊन पाण्याने स्नान घालावे, पातळ पेज द्यावी, आणि पाच-सात रात्रींनंतर हळूहळू पौष्टिक अन्नाकडे न्यावे. सुश्रुतसंहिता सांगते की दीड महिना असा सांभाळ झाला म्हणजे तिला बाळंतीण म्हणायचे कारण उरत नाही. आपल्या आजीचा सव्वा महिना यापासून फार दूर नाही. आजचे डॉक्टरही बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जपायला सांगतात, कारण गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे तेवढाच काळ लागतो.

पण चरकाच्या त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. बाळंतिणीचे घर कसे असावे, तर तिथे आशीर्वाद असावेत, गाणे-वाजवणे असावे, खाणेपिणे असावे, आणि माया करणारी आनंदी माणसे भरलेली असावीत. दहा-बारा दिवस मैत्रिणींनी तिच्याजवळ जागत बसावे. पाहा, औषधाच्या ग्रंथात गाणे लिहून दिले आहे! विसाव्याला नुसते अंथरूण पुरत नाही, सोबतही लागते, हे त्या वैद्यांना ठाऊक होते.

हा सव्वा महिना आपल्या खेड्यांत पाळला जाई तो धर्माच्या नावाने. पहिले दहा दिवस सोयर. बाळंतिणीने चुलीला हात लावायचा नाही, पाण्याला शिवायचे नाही, देवाजवळ जायचे नाही. मुसलमान कुटुंबांत चाळीस दिवसांचा ‘चिल्ला’ पाळत. नीट विचार केला तर या विटाळात अपमान आहे, यात शंका नाही. मूल जन्माला घालणारी बाई अपवित्र कशी? चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकातच विटाळाची कल्पना मोडून काढली होती. तथापि याच शिवाशिवीच्या आडून एक सोय साधली गेली. जी बाई वर्षाचे बाराही महिने पहाटे जात्यावर बसे, तिला या दिवसांत कोणी ‘ऊठ गं, दळायला बस’ असे म्हणू शकत नसे. सासूला नाही म्हणण्याची ताकद सुनेत नव्हती, म्हणून तिच्या वतीने सोयर नाही म्हणत असे. आजच्या काळात आपल्याला काय साधायचे आहे, तर तो अपमान टाकून द्यायचा आणि ती सुटी मात्र ठेवायची.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चालही अशीच अर्थपूर्ण आहे. माहेरी लेकीला उशिरा उठता येते, रडता येते, ‘आई, मला कंटाळा आला’ असे म्हणता येते. सासरी हे तीनही शब्द महाग!

आता बाजेभोवतीच्या वस्तू पाहू. बाज सुतळीची किंवा काथ्याची विणलेली असते. सुतळीचे विणकाम अंगाच्या वळणाने दबते, म्हणून दुखऱ्या कमरेला ते फळीपेक्षा मऊ लागते. विणीतून खालची ऊबही वर येते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवीत, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकून धुरी देत. डोक्याला फडके आणि कानांत कापूस. कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधीत. ताणलेल्या पोटाला आणि पाठीला त्याने आधार मिळतो, आणि उठता-बसताना बाईला धीर येतो. जुन्याच लुगड्याला मान का, तर ते शंभर धुण्यांनी मऊ झालेले असते. बाळाच्या दुपट्यालाही आजीचे जुने लुगडेच लागे. नवे कापड टोचते. गरिबाघरी ही एक चैन मात्र सहज मिळण्यासारखी होती.

सकाळी न्हाऊ घालणारी बाई येई. आधी आईच्या अंगाला तेल-हळद. हळदीला आपल्याकडे तोटा नाही, वसमत-हिंगोलीची हळद सगळीकडे जाते. मग कढत पाणी, घंगाळ रिकामे होईपर्यंत. त्यानंतर बाळ पायांवर घेऊन त्याची अंघोळ. दोघांची अंघोळ आटोपली की दोघेही गाढ झोपत. रात्रभर जागलेल्या आईची ही दोन तासांची झोप म्हणजे सव्वा महिन्यातले मोठे सुख. त्या वेळी घरात भांडेसुद्धा आपटायचे नाही, असा दंडक असे.

खाण्याचे पाहिले तर बाळंतिणीचे ताट घरातल्या इतर बायकांच्या ताटाहून निराळे असे. एरवी सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या सुनेला या दिवसांत सर्वांच्या आधी आणि गरम वाढले जाई. ज्वारीच्या मऊ कण्या, त्यावर तुपाची धार, लसूण घातलेली शेपूची भाजी, बाजरीची किंवा ज्वारीची गरम भाकरी. मधल्या वेळी डिंकाचा नाही तर मेथीचा लाडू. त्यात खारीक, खोबरे, खसखस, सुंठ, गूळ आणि जमल्यास गोडंबी. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अळिवाचे लाडू किंवा खीर. या लाडवाला आजचे शास्त्रही नावे ठेवीत नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, असा आपल्या आहारतज्ज्ञांचा हिशेब आहे. तूप, गूळ आणि खोबरे घातलेला लाडू म्हणजे ती वाढीव भाकरी मुठीत मावेल अशी करून ठेवलेली. एका हातात मूल असताना दुसऱ्या हाताने खाता येते, ताट लागत नाही. हे आपल्या आज्यांचे शहाणपण.

जेवण झाले की विडा. त्यात ओवा, शेपा, बडीशेप, कधी खोबऱ्याचा तुकडा. पचनाला बरा म्हणून तो देत, पण खरी गंमत अशी की विडा हा निवांतपणाचा पदार्थ आहे. घाईत असलेला माणूस विडा खात नाही. बाजेवर टेकून सावकाश विडा चघळणारी बाई म्हणजे त्या क्षणापुरती घरची मालकीणच! भेटायला येणाऱ्या आयाबाया बाळंतविडा आणीत. झबले, टोपडे, कुंची हे बाळाला, आणि लुगडे-खण, नारळ, लाडवांचा डबा हा आईला. आईला विसरायचे नाही, ही त्यातली मेख.

करमणुकीचेही ठरलेले दिवस असत. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, म्हणून बायका जागरण करीत. पाटा-वरवंटा मांडीत, कोरा कागद आणि लेखणी ठेवीत. सटवाई आली की नाही हे सोडा. परंतु पाचव्या रात्री, म्हणजे आईचे अंग दुखून येते, दूध दाटते, मन उगीच भरून येते अशा दिवसांत, ती एकटी राहत नसे. दहा बायका तिच्या भोवती हसत-बोलत बसत. बाराव्या दिवशी बारसे. घुगऱ्या वाटायच्या, पाळणा म्हणायचा. हा पाळणा नाव ठेवण्याचा, पण दररोजचा पाळणा वेगळा. तो आईचा स्वतःचा असतो. त्यात ती माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सारे काही गुंफते. मूल झोपते, आणि गाता गाता आईचेही मन हलके होते. महाराष्ट्रातल्या बायकांचे हे गाणे वाया जाऊ नये म्हणून पुष्कळांनी कष्ट घेतले आहेत. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे संग्रह काढले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉईटवां यांनी गावोगाव सहकारी उभे करून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जगातल्या थोड्याच भाषांपाशी आयाबायांच्या मनाची एवढी मोठी वही असेल.

असा विसावा फक्त आपल्याकडेच होता असे मात्र समजू नका. चीनमध्ये नवी आई ‘महिना बसते’. थंड पाणी नाही, काम नाही, आल्याचे आणि कोंबडीचे गरम सार. स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेतल्या देशांत चाळीस दिवस पाळतात, त्याला ‘क्वारेंतेना’ म्हणतात. इंग्लंडात पूर्वी बाळंतिणीला ‘कॉडल’ नावाची मसालेदार, ऊन पेज देत, आणि तिला भेटायला आलेल्या बायकाही तीच पेज पीत गप्पा मारीत. भाषा निराळी, देव निराळा, पदार्थ निराळे. परंतु महिना-सव्वा महिन्याची मुदत, ऊन खाणे, बायकांची सोबत आणि कामातून सुटका, या चार गोष्टी सगळीकडे. जगभरच्या बायकांनी एकमेकींना न विचारता काढलेले हे एकच अनुमान आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. बाळंतीण बाजेवर होती, तेव्हा तिचे दळण कोण दळत होते?

याचे उत्तर शोधायला पुन्हा नामदेवांकडेच जाऊ. परंपरेप्रमाणे नामदेवांना नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे आणि लिंबाई ही मुलगी. म्हणजे त्यांची पत्नी राजाई पाच वेळा तरी बाजेवर होती. घर मोठे, माणसे पुष्कळ. आणि त्या घरात दासी म्हणून राबत होती जनाबाई, आपल्या गोदाकाठच्या गंगाखेडची. राजाई बाजेवर असताना जात्याचा खुंटा कोणाच्या हातात असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. नामदेव देवाच्या शोधात औंढ्यापर्यंत आले, तेव्हाही घरचे जाते फिरतच होते. एकाच्या विसाव्यामागे दुसऱ्या कोणाचे तरी श्रम उभे असतात.

आणि जनाबाईला विसावा कोण देणार? तिला ना माहेर, ना सव्वा महिना. तिने आपल्या अभंगांत काय मागितले ते ध्यानात घ्या. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो. तिच्या डोक्यावर ऊन पाणी घालतो, तिची वेणी घालतो. थकलेल्या बाईला नेमके काय हवे असते याची यापेक्षा बरोबर यादी कोणी केलेली नाही. तिने सोने मागितले नाही, राज्य मागितले नाही. जात्याच्या खुंट्याला आणखी एक हात लागावा, एवढेच मागितले. माणसांत तो हात मिळाला नाही, म्हणून तिने तो देवापाशी पाहिला.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या ओव्यांत सीतेचे बाळंतपण येते तेही असेच आहे. अयोध्येची राणी रानात बाळंत झाली. तिथे कसली बाज आणि कसली शेगडी? बायकांच्या त्या ओव्यांत बोरी-बाभळी पुढे येतात आणि शेजारणी होऊन तिचे सांत्वन करतात. ही ओवी गाणाऱ्या बाईने रामायण वाचलेले नव्हते. तिने कामाच्या बांधावर, उसाच्या फडावर, खडी फोडण्याच्या जागी झालेली बाळंतपणे पाहिली होती. जिच्यापाशी माणूस नसते तिला झाडालाच बाई म्हणावे लागते.

सुईणीचेही असेच. तिचे हात घरोघरी लागत. तिला बहुधा लुगडे, खण-नारळ आणि धान्य मिळे. पण ती पुष्कळदा गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. संकटाच्या रात्री तिचा विटाळ होत नसे, सकाळ उजाडली की पुन्हा होई. तिच्या स्वतःच्या लेकीला मात्र दहाव्या-बाराव्या दिवशी मजुरीला जावे लागे. लाडवातली गोडंबी खाताना तरी हे आठवावे. बिबे फोडून गोडंबी काढताना बिब्याचे तेल हाताला लागते आणि कातडी उतते. एका बाईच्या तोंडात पडलेला गोड घास दुसरीच्या भाजलेल्या बोटांतून आलेला असतो.

जुने ते सर्व सोने असेही मानू नका. बंद खोलीतला शेगडीचा धूर नवजात बाळाच्या छातीला वाईट, आणि निखाऱ्यांची वाफ कोंडली तर जीवही जातो. उबेसाठी पांघरूण पुरे, खिडकी उघडी हवी. आईचे पहिले घट्ट, पिवळसर दूध ‘चीक’ म्हणून पिळून टाकीत. ते तर बाळाचे पहिले रक्षण. तासाभराच्या आत तेच पाजायला हवे, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी, मध, पाणी काही नको. नाळ विळ्याने कापीत, तिला राख-शेण लावीत, त्यातून धनुर्वात होऊन किती बाळे गेली असतील! लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून २०१५ साली उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. आणखी एक चूक म्हणजे बाळंतिणीला पाणी तोडणे. गाथेतली गरीब बाई निदान पाणी तरी मागत होती. पुढे पुष्कळ घरांत तेही मोजून दिले गेले. पाजणाऱ्या आईला तहान लागते, तिला पोटभर पाणी द्यावे, गरम हवे तर गरम द्यावे.

आता या बाजेच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण. सुटी ही घरच्या मर्जीवर किंवा सोयरावर अवलंबून न राहता तो बाईचा हक्क व्हावा, हा विचार विसाव्या शतकात आला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून याचा भार मुख्यतः सरकारने सोसला पाहिजे आणि मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. १९२९ साली तो कायदा झाला. विचार करा, ज्या गोष्टीला लोक बायकांच्या माजघरातली बाब म्हणत, ती या माणसाने राष्ट्राच्या हिशेबात मांडली.

पुढे १९६१ साली सर्व देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. त्यात १२ आठवडे रजा होती. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक माणसे कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. पण शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला कोणते कार्यालय रजा देणार? आपल्या हिंगोली जिल्ह्यात अशाच बायका जास्त. त्यांच्यासाठी दुसरे मार्ग काढले गेले. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यामुळे अंगणवाडीतून पाजणाऱ्या आयांना पोषण आहार मिळू लागला. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, असे ठरवले. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, ने-आण आणि तिथले जेवण मोफत झाले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये ठरले. ही रक्कम मोठी नाही. पण तिच्यामागचा हेतू पाहा. आईने पोटासाठी लगेच कामावर धावू नये, बुडालेल्या मजुरीचा थोडा तरी आधार मिळावा. म्हणजे पुन्हा तोच जुना सव्वा महिना, आता सरकारी कागदावर आलेला. तो कागदावरून बाजेपर्यंत पोचवणे हे गावाचे काम आहे. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, तिचे कागद झाले का, आशाताई जाऊन आल्या का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

करमणुकीतही काळाप्रमाणे बदल झाला. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि पुढे ट्रान्झिस्टर खेड्यांत आले, तेव्हा बाजेच्या उशाशी एक नवी मैत्रीण येऊन बसली. बाळंतिणीचे दोन्ही हात गुंतलेले, डोळे मिटलेले, पण कान मोकळे असतात. म्हणून तिला रेडिओ सोयीचा. आता हातात मोबाईल आला आहे. लांबच्या बहिणीचा चेहरा त्यात दिसतो, हे सुख लहान नाही. मात्र रात्री मूल झोपले की आईनेही झोपावे, त्या वेळी पडद्याकडे पाहत बसू नये. झोप ही उसनी मिळत नाही.

आणि बापाचे काय? जुन्या काळी तो ओट्यावर बसून राही. खारीक-खोबरे बाजारातून आणले, लाकडे फोडून दिली की त्याचे काम संपले. आत यायला त्याला मुभाच नव्हती. आता घरे लहान झाली. सासू एका गावी, आई दुसऱ्या गावी, आणि नवराबायको नोकरीसाठी तिसऱ्या गावी. अशा घरात बाजेभोवतीच्या दहा बायकांची जागा एकट्या नवऱ्याने घ्यायची आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. मजूर-शेतकऱ्याला तशी सोय नाही, पण रात्री एकदा उठून मुलाला खांद्यावर घेणे, पाणी तापवणे, लंगोट धुणे, यांना रजा लागत नाही. थकवा त्यालाही येतो. त्याच्याही वाट्याला एक लाडू यायला हरकत नाही. तिने ‘मला काही नको’ म्हटले, तर गाथेतली ती बाई आठवावी, आणि पुन्हा एकदा विचारावे. बाळंतीण सारखी रडत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप येत नसेल, तर ‘बाहेरची बाधा’ म्हणून सोडू नये, दवाखान्यात दाखवावे. हाही एक आजारच आहे आणि तो बरा होतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. औंढ्याच्या देवळाची सहल नेता, तशी एक सहल मुलांना आपापल्या घरी करायला सांगा. आजीला विचारा, तुझ्या बाळंतपणात बाज कोणती होती, लाडू कशाचे होते, न्हाऊ कोणी घातले, कोणते गाणे म्हणत. आणि शेवटी हेही विचारा, कितव्या दिवशी तू कामाला लागलीस? सगळ्या वह्यांतली ही एकच संख्या फळ्यावर एकाखाली एक लिहा. कोणी चाळीस म्हणेल, कोणी बारा, कोणी तीन. वर्गाने ते आकडे शांतपणे वाचावेत. मग गावात सध्या ज्या घरी पाळणा हलला आहे त्या घराची आठवण काढावी, आणि त्या आईचा आकडा चाळीसपर्यंत न्यायला आपण कोणते काम उचलू शकतो, पाण्याची एक घागर की दळणाचा एक डबा, ते ठरवावे.